काळी पडलेली जपानी झेरॉक्स आणि दोन सिलिंडरची होंडा सीबी ३५०: हेडच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

आधी गाडीच्या नावाचा घोळ मिटवू. २०२० साली भारतात आलेली हायनेस सीबी ३५० ही एका सिलिंडरची, ३४८ सीसीची वेगळी गाडी. या प्रकरणातली सीबी ३५० म्हणजे १९६८ ते १९७३ या काळातली जपानी बनावटीची, दोन सिलिंडरची, ओव्हरहेड कॅमची (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर, हेडमध्ये असलेली) गाडी. नाव ३५० असलं तरी बोअर ६४ मिमी आणि स्ट्रोक ५०.६ मिमी, म्हणजे भरतात ३२५ सीसी. नागपुरातच काय, कुठल्याही शहरातल्या स्पेअरच्या दुकानात 'सीबी ३५० चं हेड पॅकिंग' मागितलं की हायनेसचा डबा समोर येतो. ऑनलाइन मागवलं तरी तेच. म्हणून पार्ट मागताना मॉडेलचं नाव घेण्यात अर्थ नाही, नंबरच द्यावा लागतो. त्याबद्दल पुढे.

गाडी नागपुरातल्या धंतोलीत एका घरी बरीच वर्षं उभी होती. चालू केल्यावर तीन तक्रारी दिसल्या: डाव्या सायलेन्सरमधून निळसर धूर, हेडमधून टकटक, आणि आयडलला गाडी कधी एका सिलिंडरवर तर कधी दोन्हींवर. आधी कुणीतरी हेड एकदा उघडून बसवलं होतं, हे सांध्यांतून बाहेर आलेल्या लाल सिलिकॉनवरून कळत होतं. टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हला देणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांतला गॅप) तर अनेकदा सेट करून झाले होते. आवाज तेवढा राहिलाच.

मॅन्युअल होतं, पण

मालकाने दिलेलं मॅन्युअल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तीही जपानीत. आकृत्या काळ्याठिक्कर. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं तर मोठी शीर्षकं कळत होती, तक्त्यांमधली बारीक अक्षरं नाहीत. आकडे दिसत होते, पण ३ की ८, ६ की ० हे सांगता येत नव्हतं. अशा कागदाला लोक एकतर कचऱ्यात टाकतात किंवा डोळे मिटून मानतात. दोन्ही चूक. अक्षर न वाचताही त्यातून बरंच काढता येतं.

शेवटच्या पानावर साल म्हणून नुसतं ४४ छापलेलं होतं. ते शोवा कालगणनेतलं वर्ष. त्यात १९२५ मिळवले की १९६९ निघतं. म्हणजे कागद याच मॉडेलच्या सुरुवातीच्या काळाचा, पुढच्या कुठल्या गाडीचा नाही.

मापांच्या तक्त्यात दोन रकाने होते. एक नव्या पार्टचं माप, दुसरा झिजण्याची मर्यादा. कुठला कुठला हे आकडेच सांगतात. भोकाचं माप असेल, म्हणजे बोअर (सिलिंडरचं भोक) किंवा गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो ती नळी), तर मर्यादेचा आकडा मोठा असतो. दांड्याचं असेल, म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्हचा दांडा किंवा कॅमचा जर्नल (शाफ्टचा आधारात फिरणारा भाग), तर मर्यादेचा आकडा लहान. ही एक खूण धरली की ओळ भोकाची की दांड्याची ते उलगडतं, आणि शेजारच्या ओळीशी वजाबाकी केली की पुसट आकडाही पक्का होतो. बोअर वजा पिस्टन काही शतांश मिमीच निघायला हवं. ३ वाचल्यावर क्लिअरन्स नीट येतो आणि ८ वाचल्यावर पिस्टन बोअरपेक्षा मोठा होतो, तर तो ३ आहे.

सगळ्यात कामाचं म्हणजे पार्टची यादी. होंडाचा पार्ट नंबर पाच-तीन-तीन आकड्यांच्या गटात येतो. पहिले पाच आकडे पार्ट काय आहे ते सांगतात, आणि हे सगळ्या मॉडेलना जवळपास सारखे: १३१०१ म्हणजे स्टँडर्ड पिस्टन, १३१०२ म्हणजे ०.२५ ओव्हरसाइज, १२२५१ हेड पॅकिंग, १४१०१ कॅमशाफ्ट, १४४०१ टायमिंग चेन, १४७११ इनलेट व्हॉल्व्ह, १४७२१ एग्झॉस्ट व्हॉल्व्ह. ९० ने सुरू होणारे बोल्ट-नट, ९१ ने सुरू होणारे बेअरिंग, ऑइल सील आणि ओ-रिंग. मधले तीन आकडे मॉडेलचा कोड, या गाडीसाठी २८६. म्हणजे जपानीचं एक अक्षर न येता १२२५१-२८६ असं मागता येतं, आणि हायनेसचा डबा समोर येत नाही.

ऑइल सील आणि बेअरिंगला तर होंडाच्या नंबरचीही गरज नसते. सीलवर आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप कोरलेलं असतं. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो: ६३०४ असेल तर २० × ५२ × १५ मिमी, ६२०५ असेल तर २५ × ५२ × १५. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक. इंजिनात बसवायचं असेल तर मूळ बेअरिंगवर सी३ (आत जादा मोकळीक असल्याची खूण) लिहिलंय का ते बघून तसंच घ्यावं. दुकानदार साधं देतो, ते गरम झाल्यावर आवळतं.

उघडण्याआधी

मॅन्युअल नसलेल्या इंजिनातली निम्मी माहिती पाना लावल्यावर पहिल्या तासातच निघून जाते. कॅम चेनच्या कुठल्या दातावर होता, रॉकरचा शाफ्ट किती फिरलेला होता, कुठल्या नटाखाली तांब्याचा वॉशर होता आणि कुठल्याखाली साधा, हे एकदा सुटलं की परत कुणाला विचारणार? म्हणून जे मोजायचं ते बंद इंजिनावर.

पहिलं कॉम्प्रेशन. या गाडीचे कार्बोरेटर सीव्ही प्रकारचे, म्हणजे स्लाइड थ्रॉटलच्या तारेने उघडत नाही, हवेच्या ओढीने उघडते. किक मारताना तेवढी ओढ नसते, त्यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडून धरला तरी वाट अर्धी बंद राहते आणि गेज कमी दाखवतो. स्लाइड बोटाने वर धरावी किंवा कार्बोरेटर काढून ठेवावेत. असं केल्यावर उजवा सिलिंडर ११ किलो (प्रति चौ. सेंमी), डावा ७. डाव्यात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं: ७.३. तेलाने आकडा चढला असता तर रिंगवर संशय गेला असता. चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून. पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वरच्या जागी, आणून, गिअर टाकून, मागचा ब्रेक दाबून प्लगच्या भोकातून हवा भरली तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी फुस्स ऐकू आलं. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह.

दुसरं, कॅमचं टायमिंग. क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावली, प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी हळूच टेकवलं, आणि दोन खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. रोटरवरच्या खुणांवर विसंबण्याआधी हे करावंच. या इंजिनाचा क्रँक १८० अंशांचा: एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे रोटरवर खुणांचे दोन संच आहेत, डाव्या सिलिंडरसाठी एलटी-एलएफ आणि उजव्यासाठी टी-एफ (टी म्हणजे टीडीसी, एफ म्हणजे स्पार्कची वेळ). चुकीचा संच धरून टायमिंग केलेल्या गाड्या सर्रास दिसतात.

मग डायल गेज लावून प्रत्येक व्हॉल्व्ह १ मिमी उघडतो आणि १ मिमीवर परत येतो तेव्हाचा अंश लिहून घेतला. इथे दोन सिलिंडरच्या इंजिनाचा मोठा फायदा आहे. एकाच्या चुकीचं उत्तर दुसऱ्यात असतं. उजव्या बाजूचे आकडे दर फेरीला तेच येत होते. डाव्या बाजूचे दोनचार अंश मागे, आणि दर फेरीला वेगळे. चेन एक दात चुकली असती तर दोन्ही बाजू सारख्याच सरकल्या असत्या. एकच बाजू डळमळते याचा अर्थ कॅमशाफ्टचं ते टोक जागा सोडतंय. पॉइंटचं, म्हणजे कॅमशाफ्टच्या टोकाशी असलेल्या स्पार्कच्या स्विचचं, झाकण काढून पॉइंटच्या कॅमवर डायल गेज टेकवला आणि बोटाने वर-खाली दाबलं: काटा ०.१४ मिमी फिरला.

या गाडीत कॅमशाफ्टला वेगळं बेअरिंग नाही. त्याची दोन्ही टोकं हेडच्या कडांना बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होल्डरमध्ये तेलाच्या थरावर फिरतात. तेल आहे तोवर हे उत्तम चालतं.

एक लाल थेंब

हेड उतरवताना झाकणांच्या स्क्रूंनी त्रास दिला. जुन्या जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू आपल्याकडच्या फिलिप्स पेचकसला नीट बसत नाहीत. जपानी टोकाचं बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा, नाहीतर डोकं गोल होतं आणि मग ड्रिल. (साठच्या दशकाच्या मधल्या गाड्यांत आणखी एक खोडी असते: एम ५ च्या आट्याचा पिच ०.८ ऐवजी ०.९. आपला बोल्ट तीन आटे जातो आणि अडतो, आणि जोर लावला की अ‍ॅल्युमिनियम संपतं. या गाडीत तसं नव्हतं.) बोल्ट पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी खोचले. टायमिंग चेन तोडण्याआधी दोन्ही टोकांना तार बांधली. सुटं टोक क्रँककेसमध्ये पडलं तर काम वाढतं.

डावा होल्डर सुटल्यावर त्याच्या भोकात खालच्या बाजूला खोल चरे होते, आणि जर्नलवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चिकटलेला. उजवा होल्डर जवळजवळ नवा. तेल खालून स्टडच्या भोवतीच्या पोकळीतून हेडपर्यंत चढतं आणि तिथून होल्डरकडे जातं. डाव्या होल्डरच्या वाटेत बारीक तार घातली तर ती अडली. टॉर्च धरून पाहिलं: सिलिकॉनचा लाल थेंब, तांदळाच्या दाण्याएवढा, बाहेरून काळपट आणि घट्ट, चिमट्याने ओढल्यावर आत अजून रबरासारखा मऊ. होल्डरच्या सांध्याला सिलिकॉन भरपूर लावून बोल्ट आवळले की जादा माल दोन्हीकडे सरकतो. बाहेर आलेला पुसता येतो. आत गेलेला दिसत नाही.

यापुढची साखळी आपोआप उलगडली. तेल बंद, म्हणून होल्डर झिजला. होल्डर झिजला, म्हणून कॅम खाली बसला आणि डाव्या बाजूचा टॅपेट ढिला वाटू लागला. पॉइंट कॅमशाफ्टवरच चालतात, म्हणून इग्निशनही सरकत राहिलं आणि आयडल बिघडलं. आवाज घालवायला कुणीतरी टॅपेट आवळत गेलं. या इंजिनात टॅपेटला स्क्रू-नट नाही. रॉकरचा शाफ्टच विकेंद्री (मध्य एका बाजूला असलेला) आहे, तो फिरवला की रॉकर वर-खाली होतो. गोची अशी की पूर्ण फेरीत तोच गॅप दोन ठिकाणी मिळतो. त्यातल्या एकाच ठिकाणी रॉकर व्हॉल्व्हच्या माथ्यावर मधोमध बसतो. दुसऱ्या ठिकाणी फिलर गेज अगदी बरोबर जातो, पण रॉकर माथ्याच्या कडेवर टेकतो आणि दर वेळी व्हॉल्व्हला आडवा ढकलतो. डाव्या एग्झॉस्टच्या शाफ्टची खाच बाकी तिघांच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला होती. आडव्या ढकलण्याने गाईड लंबगोल झाला, त्यातून तेल खाली उतरलं (निळा धूर), आणि व्हॉल्व्ह सीटवर तिरका बसू लागला (७ किलो). माथ्यावर ब्लू (टेकण्याची जागा दाखवणारा निळा रंग) लावून फिरवलं तर निळा डाग कडेलाच उमटला.

नुसता व्हॉल्व्ह घासून दिला असता तर गाडी काही दिवस चांगली चालली असती आणि त्याच जागी परत आली असती.

मापं, आणि मे महिन्यातला पारा

ब्लॉक उतरवून बोअर मोजला. मूळ माप शोधायला मॅन्युअल लागत नाही. रिंगा जिथे पोचत नाहीत तो बोअरचा अगदी तळ झिजलेला नसतो, तिथे ६४.०१ मिमी. रिंगच्या पट्ट्यात सर्वांत जास्त ६४.०३. पिस्टन स्कर्टच्या तळापासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात: ६३.९६५. वजाबाकी ०.०६५.

हा आकडा असाच धरून चालत नाही. मेमध्ये नागपुरात पारा ४५ च्या आसपास, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४३-४४ सहज. मापं २० अंशांना धरलेली असतात. बोअर बिडाचा, मायक्रोमीटर पोलादी, दोन्ही जवळपास सारखेच फुगतात, म्हणून बोअरचं वाचन बिघडत नाही. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो जास्त फुगतो. ६४ मिमीच्या पिस्टनला २४ अंशांच्या फरकाने जवळपास दीड शतांश मिमी जादा दिसतं. म्हणजे खरा क्लिअरन्स ०.०८ च्या आसपास. ०.१० या मर्यादेच्या आत आहे, पण बिनघोर वाटावं इतकाही नाही. हीच चूक उलट्या बाजूने महागात पडते: नवा पिस्टन भर दुपारी मोजून बोअर करून घेतला तर बोअर दीड शतांशाने मोठा होतो. मापं सकाळी घ्यावीत, पार्ट आणि हत्यारं रात्रभर एकाच खोलीत ठेवून.

बोअर न करता होनिंग करून (दगडाने भिंत नुसती खरवडून) स्टँडर्ड रिंगा घालायचं ठरलं. जुन्या रिंगचा गॅप ०.५५ होता. ठोकताळा असा की बोअरच्या दर १०० मिमीला ०.३ ते ०.४ मिमी, म्हणजे इथे ०.१९ ते ०.२६. नव्या रिंगचा गॅप तळाशी ०.२२, वरच्या झिजलेल्या पट्ट्यात ०.२८ आला. बोअर ०.०२ ने वाढला की घेर त्याच्या तीन पटींहून थोडा जास्त वाढतो, फरक तिथला आहे, रिंग खराब नाही.

खालचं इंजिन उघडलं नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहिले, खेळ नाही. बाजूचा हलका खेळ असतोच, तो दोष नव्हे. प्रेस करून जोडलेला रोलर बेअरिंगचा क्रँक, मॅन्युअलशिवाय, गरज नसताना फोडणं हा उत्साह परवडत नाही. क्लचच्या बाजूचा फिरता ऑइल फिल्टर मात्र काढलाच. याला कागदी फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाला एक वाटी फिरते आणि गाळ कडेला फेकते. सर्क्लिप काढून झाकणाच्या मध्यातल्या आट्यात एम ६ चा बोल्ट फिरवला की झाकण ओढता येतं. आधी त्याची दिशा खुणेने टिपून ठेवावी. आत तीनेक मिमी जाडीची काळी चिकण माती, चुंबकाला अगदी थोडी चिकटणारी, उन्हात धरली तर चकाकणारी. चकाकी होल्डरच्या अ‍ॅल्युमिनियमची.

हिंगण्याच्या मशीन शॉपमध्ये

दोन कामं बाहेर द्यावी लागली: होल्डर आणि गाईड. हिंगणा एमआयडीसीत अशी कामं करणारे चांगले हात आहेत, पण माप तोंडी सांगू नये. लेथवर 'दोन थाउ ठेवू का भाऊ?' असं विचारतात. दोन थाउ म्हणजे ०.०५ मिमी. तुमच्या डोक्यात दोन शतांश असेल तर अडीच पट फरक पडला. कागदावर मिमीतच लिहून द्यावं.

होल्डर नवा मिळणं अवघड, म्हणून भोक मोठं करून फॉस्फर ब्राँझचा बुश घातला. यात एकच गोष्ट चुकते आणि ती सगळं बिघडवते: कारागीर जुन्या भोकाचा मध्य धरून जॉब बांधतो. जुनं भोक खाली झिजलेलं आहे, त्याचा मध्य खोटा. होल्डरचा जो गोल खांदा हेडमध्ये बसतो त्याला डायल लावून, चार जबड्यांच्या चकमध्ये बांधायचं. बुश ०.०३५ घट्ट, तेलाचं ३ मिमीचं भोक जुन्या वाटेशी जुळवून, कड मोडून. शेवटचं आतलं माप बुश दाबून झाल्यावरच, कारण दाबल्यावर बुश आवळतो. जर्नल बारीक पॉलिशने साफ करून मोजला, आणि क्लिअरन्स ०.०४५ ठेवला. उजव्या, न झिजलेल्या होल्डरचा ०.०५ होता. माप तिथून घेतलं, कुठल्याही पुस्तकातून नाही.

गाईड बिडाचा करून घेतला. ब्राँझही चालतो, पण तो जास्त फुगतो आणि दांड्याशी क्लिअरन्स थोडा जास्त लागतो. हेडमधलं भोक जुना गाईड काढल्यानंतर मोजायचं. ते बाराएक मिमीचं, त्यापेक्षा गाईड ०.०४५ मोठा. हेड ओव्हनमध्ये १५० अंशांपर्यंत सगळीकडून सारखं तापवलं की भोक तीन शतांशांहून थोडं जास्त फुगतं, आणि फ्रीजरमधला गाईड हलक्या ठोक्यांनी जातो. गॅसच्या ज्योतीने एका जागी तापवलेलं हेड वाकतं, आणि ते पुढे पॅकिंगच्या जागी गळतं. थंड झाल्यावर रीमर, व्हॉल्व्हच्या दांड्याशी ०.०४५. सीट गाईडनंतर, आधी कधीच नाही, कारण सीट कापणारं हत्यार गाईडमध्येच उभं राहतं. ४५ अंश, पट्टी १.२ मिमी. नवा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवून, पोर्टमध्ये रॉकेल भरून ठेवलं. दहा मिनिटांत चेंबरच्या बाजूला ओल नाही.

बांधणी

बेस पॅकिंगची (ब्लॉकच्या खालच्या सांध्यातल्या पॅकिंगची) जाडी ही क्षुल्लक वाटणारी बाब. तयार मिळालं नाही म्हणून दुकानातून जाड कागद आणून कापतात. एका सिलिंडरचं आकारमान १६२.८ सीसी, ९.५:१ या कॉम्प्रेशन रेशोसाठी वर उरणारी जागा १९.१५ सीसी. पॅकिंग अर्धा मिमी जाड झालं की या जागेत १.६ सीसीची भर पडते आणि कॉम्प्रेशन ८.८ वर येतं. शिवाय हेड वर सरकल्याने कॅमचं टायमिंगही मागे पडतं. जुन्या पॅकिंगचा दबलेला, न फाटलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजून त्याच जाडीचा कागद घ्यावा.

हेडच्या नटांना तीन टप्प्यांत टॉर्क: ०.८, १.४, मग २ किलोग्रॅम-मीटर, मधून बाहेर, तिरकस क्रमाने. एम ८ स्टडला साधारण एवढंच सोसतं. एम ६ ला ०.९ च्या वर जाऊ नये. तेलाच्या वाटेवरच्या स्टडना टोपीचे नट आणि तांब्याचे वॉशर असतात. जुने वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ पडतात आणि परत चालतात. होल्डरच्या सांध्याला कागदी पॅकिंग आणि ग्रीसचं बोट. सिलिकॉन या इंजिनात कुठेच लावलं नाही.

विकेंद्री शाफ्ट चौघांचे एकाच अंगाला ठेवून, ब्लूचा डाग माथ्याच्या मधोमध येतो हे पाहून, मग गॅप: इनलेट ०.०५, एग्झॉस्ट ०.१०. हा गॅप थंड इंजिनाचा. मेमध्ये दुपारी सावलीत उभं इंजिनही चाळिशीच्या वर असतं, त्याला थंड म्हणत नाहीत. सकाळी सहाला करावं. झिरो पॉइंट झिरो फाइव्हचं पातं कुरकुरीत हवं, घडी पडलेलं पातं ०.०८ मोजतं.

पॉइंट ०.३५. आधी पूर्ण प्लेट फिरवून एका सिलिंडरचं टायमिंग त्याच्या एफ खुणेवर, मग दुसऱ्याचं फक्त त्याच्या छोट्या प्लेटने. क्रम उलटला की पहिलं पुन्हा बिघडतं आणि माणूस गोल फिरत राहतो. प्लग एनजीके बी८ईएस, गॅप ०.७.

कार्बोरेटरच्या पडद्यांची परीक्षा सोपी: स्लाइड वर उचलून हवेचं भोक बोटाने बंद करायचं आणि स्लाइड सोडायची. ती रेंगाळत खाली यायला हवी. डावी धपकन पडली. पडद्याला घडीवर चीर होती, बदलला. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं हवेशी प्रमाण १४.७ ऐवजी १३.५ च्या आसपास लागतं, म्हणजे जुन्या जेटवर गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते. मेन जेट एक पायरी मोठा केला. पेट्रोलची नळी आणि फ्लोटच्या सुईचं रबर इथेनॉलला टिकणारं घेतलं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाट्या रिकाम्या कराव्यात.

तेल २०डब्ल्यू-५०, जॅसो एमए (तेलातल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचा दर्जा), सुमारे दोन लिटर. कारचं महाग तेल नको, क्लच तेलात बुडालेला आहे, घसरतो. चालू करण्याआधी कॅमवर आणि होल्डरमध्ये हाताने तेल सोडलं. प्लग काढून किक मारत राहिलं, टॅपेटच्या झाकणातून दोन्ही बाजूंना तेल पोचलेलं दिसेपर्यंत. डावीकडे ते उजवीनंतर थोडं उशिरा आलं. ते दिसल्याशिवाय प्लग लावायचे नव्हते.

आता कुठे आहे

एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर नट आणि टॅपेट पुन्हा पाहिले. एका नटाने जेमतेम पाव फेरा घेतला, तिथला तांब्याचा वॉशर अजून किंचित ओलावतो. कॉम्प्रेशन उजवा ११.५, डावा ११. डायल गेज पॉइंटच्या कॅमवर ०.१४ ऐवजी ०.०४ दाखवतो. सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दोन्ही सिलिंडर सारखे ओढतात.

रनिंग-इनबद्दल (नव्या पार्टांनिशी सुरुवातीचे किमी जपून चालवण्याबद्दल) मालकाला एक गोष्ट बजावावी लागली. या इंजिनाची ताकद १०,५०० आरपीएमला आहे. ते बुलेटसारखं दोन हजारावर टॉप गिअरमध्ये चालवलं तर चेन आणि क्रँकवर ताण येतो, आणि तेलाचा पंपही आळसावतो. पहिले ५०० किमी तीन ते पाच हजारांच्या मध्ये, वर्धा रोडवर एकसारख्या वेगाने नाही, थ्रॉटल उघड-मीट करत. तेल पहिल्या १०० किमीला काढलं, त्यात चकाकी नव्हती.

उजव्या एग्झॉस्टचा गाईड ०.०७ वर आहे. 'उघडलंच होतं तर तोही बदलायचा' असं म्हणणारे म्हणतील. पण गाईड बदलला की सीट कापावीच लागते, आणि उजवी सीट रॉकेलचा थेंब सोडत नव्हती. तो पुढच्या वेळी. त्याआधी १५०० किमीच्या तेलबदलीला फिरत्या फिल्टरचं झाकण काढून गाळ पाहायचा, आणि हेडला हात न लावता पॉइंटच्या कॅमवर डायल टेकवायचा. काटा ०.०६ च्या पुढे गेला तर डाव्या होल्डरची तेलाची वाट आधी तपासायची, टॅपेट नाही.